अंगठा आबांचा, अक्षर माझं

तुरीचा एक दाणा उचलायचा, डाव्या बाजूच्या दाढेखाली ठेवायचा, डोळे मिटायचे आणि कटकन चावायचा. मग डोळे न उघडताच हात वर करून म्हणायचं, "थांब जरासा. बोलू दे त्याले."

ही आबांची रोजची सकाळ. आम्ही कारकून मंडळी रजिस्टर बगलेत मारून उभे राहायचो आणि तो दाणा काय बोलला ते ऐकायला थांबायचो. आवाज कोरडा आला तर तूर चक्कीवर जायची. दबका आला तर आणखी एक ऊन. त्यावर अपील नव्हतं. शेठसुद्धा "आबा, काय म्हणतो दाणा?" एवढंच विचारायचे आणि मिळेल ते उत्तर घेऊन जायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कागदावर त्यांचा हुद्दा काहीच नसतो, आणि ते एक दिवस आले नाहीत तर सगळं अडतं. आमच्या डाळ मिलमध्ये आबांच्या नावापुढे हुद्द्याच्या रकान्यात 'वाळवण' एवढंच लिहिलेलं असायचं.

मी लागलो तेव्हा मिल म्हणजे पिंप्राळ्याच्या अलीकडे एक पत्र्याची शेड, एक चक्की आणि तुरी वाळवायचं मोठं पटांगण. आबा त्याला खळंच म्हणायचे. तुरीला तेलाचा हात लावून ती तिथे उन्हात पसरायची, आणि बाया तिच्यातून ओळीने पाय ओढत चालायच्या, म्हणजे दाणा खालीवर व्हायचा. आबा कडेला पोत्याची घडी टाकून बसायचे, डोक्यावर छत्री. बायांचं आणि त्यांचं सदा चालू. कोणी विचारायचं, आबा, आज दाणा काय बोलला? आबा गंभीरपणे सांगायचे, "तो म्हनस, बाया बहू बोलतस." सगळं खळं हसायचं, आणि पाय थोडे भरभर चालायचे.

शेठ त्या वेळी पोत्यावरच बसत. त्यांचे वडील राजस्थानातून आलेले, पण ते स्वतः जळगावातच वाढले. दुपारी डबा उघडला की त्यातली एक पोळी आबांकडे जायची, आणि आबांच्या फडक्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी शेठकडे. मिल सुरू झाली त्या दिवशी पहिला दाणा आबांनी चावला होता, असं शेठच सांगायचे.

मग कंपनी वाढायला लागली. वाढली म्हणजे अशी, की गावात एक बोर्ड रंगवणारा होता, तो आमच्या फाटकावरची शिडी उतरवीचना. आधी नुसती 'डाळ मिल' होती. मग 'अॅण्ड सन्स' झाली, मग 'इंडस्ट्रीज', मग 'प्रायव्हेट लिमिटेड'. एकाच्या तीन चक्क्या झाल्या. शिंदखेड्याला खरेदी सुरू झाली, धुळ्याला आग्रा रोडवर गोदाम झालं. दर दिवाळीला नवी शेड, दर होळीला नवा साहेब.

खोटं कशाला बोलू, आम्हाला ते आवडायचं. कंपनीत आहे म्हटलं की किराणा दुकानदार खुर्ची पुढे करायचा. माझे सासरे मला बघायला आले ते आधी फाटकाशी गेले, तिथे उभे असलेले दोन ट्रक पाहिले, आणि मग घरी येऊन मला न बघताच होकार दिला. सकाळी फाटकातून आत शिरताना आपणही काहीतरी मोठं करतो आहोत असं वाटायचं. दुसरीकडची तरणी पोरं पाच-पाच वर्षं एकाच टेबलाशी बसत. आमच्याकडे वर्षात टेबल बदलायचं. कधी वरचं मिळायचं, कधी नुसतंच दुसऱ्या भिंतीशी जायचं.

आणि न आवडण्यासारखंही पुष्कळ होतं, पण त्याचा उच्चार कोणी करत नसे. घंटेच्या जागी भोंगा आला. नावाच्या जागी पितळी बिल्ले आले. बिल्ले आडनावांच्या अक्षरांप्रमाणे वाटले, म्हणून सगळ्यात आधी आलेल्या आबांना सत्तावीस नंबर मिळाला आणि परवा आलेल्या पहारेकऱ्याला एक. आबांनी बिल्ला उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "शेठना नंबर कितवा शे?" शेठना नंबर नसतो म्हटल्यावर ते म्हणाले, बरोबर आहे, ते काही हरवायचे नाहीत.

शेठसाठी काचेची केबिन झाली. तिथून सगळं खळं दिसायचं. खळ्यातून मात्र काचेवरचं ऊन तेवढं दिसायचं.

त्याच सुमारास, दुष्काळाच्या आदल्या वर्षी, मुंबईहून एक मॅनेजर साहेब आले. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात त्यांना दोष देणं फार सोपं आहे आणि मी तो पुष्कळ वर्षं दिलेला आहे. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की भराभर वाढणाऱ्या कंपनीने आपल्या माणसांना विचारावं. त्यांनी कागद छापून घेतले. मधोमध रेघ. एका बाजूला 'येथे काम करताना काय आवडते', दुसऱ्या बाजूला 'काय आवडत नाही'. नाव लिहायचं नाही, मोकळेपणाने लिहायचं.

आम्हाला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे सगळे घाबरले. अर्ध्या लोकांनी आवडतेच्या खाली 'साहेब' असं लिहिलं. शिपायाने दुसऱ्या बाजूला 'काही नाही, आभारी आहे' असं लिहून सही केली. चक्कीवरच्या एकाने 'आवडत नाही'च्या खाली 'हा कागद' लिहिलं, आणि त्याचं अक्षर सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे दोन दिवस तो साहेबांना चुकवून चालत होता.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी एक अट घातली. ज्याचा कागद त्याने खाली अंगठा द्यायचा, म्हणजे भलत्याच कोणी भलत्याच्या नावाने काही लिहू नये. अट चांगल्या हेतूनेच होती. पण तिचा अर्थ असा झाला, की शिकलेले निनावी राहिले आणि अंगठेवाले तेवढे ओळखू आले.

आता माझं सांगतो. त्या आठवड्यात स्टोअरची खुर्ची रिकामी झाली होती. ती मला द्यायचं शेठ दोनदा बोलले होते. ती मिळाली मुंबईच्या एका तरुणाला, ज्याला तूर आणि हरभरा शेजारी ठेवले तर वेगळे ओळखता आले नसते. मी घरी जेवलो नाही. बायकोने विचारलं तेव्हा उन्हाचं निमित्त सांगितलं. माझा स्वतःचा कागद आला तेव्हा मी त्यावर लिहिलं, 'प्रगतीची संधी आवडते'. दुसऱ्या बाजूला काहीच लिहिलं नाही. माझं अक्षर सगळं ऑफिस ओळखत होतं.

आबांचा कागद मी खळ्याच्या कडेलाच लिहायला घेतला. ते छत्रीखाली, मी उन्हात. काय आवडतं विचारलं तर लगेच म्हणाले, "लिख भाऊ. सकायले तूर पसरी का बठ्ठं खयं लाल दिखस. त्ये माले आवडस." मी हसलो आणि लिहून घेतलं, की सकाळी तूर पसरली की सगळं खळं लाल दिसतं, ते आवडतं. मग काय आवडत नाही ते विचारलं. बायांच्या पायांचा आवाज येत होता. मग म्हणाले, भोंगा. आणि ती तिसरी चक्की, जी त्यांच्या बसायच्या जागेला लागून बसवली होती. "दाना आयकू येस नही," ते म्हणाले. जागा जरा पलीकडे द्या म्हणावं, कोपऱ्यात, भिंतीआड. बस, एवढंच.

एवढंच. त्यांनी अंगठा पुढे केला. तेलाने आणि उन्हाने त्याच्या रेघा इतक्या भेगाळल्या होत्या की शाई नीट लागेना. मी तो दोनदा पॅडवर दाबला. मी म्हणालो, आबा, अंगठा घेऊन ठेवतो, ते दुसऱ्या बाजूचं सावकाश चांगल्या शब्दांत लिहितो. ते म्हणाले, लिही. वाचून दाखव म्हणाले नाहीत. आजवर कधीच म्हणाले नव्हते. त्यांची सगळी पत्रं मीच लिहीत असे.

टेबलाशी आल्यावर मला त्या भोंग्याचं हसू आलं. एवढा मोठा माणूस, आणि मागून मागितलं काय, तर कोपरा. माझ्या डोक्यात स्टोअरची खुर्ची होती. आबांना कोण काय करणार, असं मी मनाशी म्हटलं. शेठ त्यांचा शब्द खाली पडू देणार नाहीत. मी बोललो तर मी एक रुसलेला कारकून. आबा बोलले तर सगळी कंपनी बोलली. आणि मी त्या रकान्यात लिहिलं, 'काल आलेले लोक खुर्च्यांवर बसतात. जुन्या माणसांना कोणी विचारत नाही. साहेबांना तुरीतले काही कळत नाही. शेठ काचेआड बसून माणसे विसरले.'

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. हे सांगायला आजही जड जातं. मी ते दोनदा वाचलं, आणि 'विसरले' नंतर पूर्णविराम ठळक केला. भोंग्याचं लिहिलंच नाही.

माझा हिशेब असा, की कागद साहेबांच्या हाती पडेल आणि साहेब चिडतील. झालं उलटं. साहेब म्हणाले म्हणे, आपणच मोकळेपणाने लिहा म्हटलं होतं, सोडून द्या. सोडवेना ते शेठना.

तीन दिवसांनी केबिनमध्ये बोलावणं आलं, आबांना आणि मला. मला अशासाठी, की अक्षर माझं होतं आणि वाचून दाखवायला मीच हवा. आबा चपला बाहेर काढून आत आले आणि उभे राहिले. काचेतून खळं दिसत होतं, बाया पाय ओढत चालल्या होत्या, आवाज मात्र आत येत नव्हता. शेठनी कागद माझ्यापुढे सरकवला.

मी वाचला. माझाच मजकूर, माझ्याच तोंडाने. आवडते ते वाचताना आबांनी मान हलवली. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या वाक्याला त्यांची मान थांबली. शेवटचं वाक्य मी इतकं हळू वाचलं, की शेठ म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

शेठ म्हणाले, "आबा, हे तुमचं म्हणणं आहे?"

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. माझं लग्न नवं होतं, सासऱ्यांनी ट्रक पाहिले होते, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी मात्र मला काहीच वाटत नव्हतं. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहत होतो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते कागदाकडे पाहत होते, खालच्या निळ्या डागाकडे. मग म्हणाले, "अंगठा मन्हा शे, शेठ."

"मी माणसं विसरलो?"

शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ठीक आहे म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. चपला घालता घालता दुपारचा भोंगा झाला. आबा तो संपेपर्यंत थांबले, आणि मग नेहमीच्याच आवाजात मला विचारलं, "भोंगानं लिखेल व्हतं ना तू? वाचताना आयकू ऊनं नही."

मी म्हणालो, "राहून गेलं, आबा."

"हं," ते म्हणाले. "चाल. तूर पालटनी शे."

एक शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो. ते खळ्यात गेले, पोत्याच्या घडीवर बसले, दाणा चावला. चक्कीच्या आवाजात त्यांनी कानावर पंजा धरलेला मी पहिल्यांदा पाहिला. म्हणजे ते तसं बरेच दिवस करत असावेत. मी पाहिलं त्या दिवशी.

शेठ कोणाला घालवून देणारे नव्हते. त्यांनी आबांना बढती दिली. 'गोदाम प्रमुख, धुळे.' टेबल, खुर्ची, पंखा. ते पत्रही मीच टाइप केलं. निरोपाला बायांनी वर्गणी काढून टोपी आणली. एक जण म्हणाली, आबा, आता आम्हाला गप्प कोण करणार? आबा म्हणाले, साहेबांना सांगा, ते भोंगा वाजवतील. सगळे हसले, आबाही. मी टाळ्या वाजवल्या.

आबा गेल्यावर दाण्यातला ओलावा सांगणारं यंत्र आलं. त्याला कान नव्हते, त्यामुळे त्याला चक्कीचा त्रास नव्हता. पहिल्या हंगामात डाळीला दमट वास येतो म्हणून माल परत आला. यंत्र वापरता येत नसावं, असं ठरलं. मुंबईचा तरुण कंटाळून परत गेला आणि स्टोअरची खुर्ची मला मिळाली. शेठ कधी कधी खळ्यात येऊन उभे राहत, काही न विचारता. विचारायचं तरी कोणाला?

स्टोअरच्या कामाने मला महिन्यातून एकदा धुळ्याला जावं लागे. गोदामात आबा खुर्चीवर बसलेले कधी दिसले नाहीत. खुर्चीवर त्यांची नवी टोपी असायची, आणि ते स्वतः जमिनीवर, पोत्यांच्या थप्पीला टेकून. मला पाहिलं की चहा मागवत, बायांची एकेकीची चौकशी करत, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाचा नवरा सुधारला. एकदा मी विचारलं, इथे दाणा नाही चावत? त्यांनी शिवलेल्या पोत्यावर हात ठेवला. तिथे फक्त भरडलेली डाळ यायची, तयार. त्यांच्या बोलीत डाय. "ही डाय शे भाऊ," ते म्हणाले. "हिनं बोलनं व्हयी गयं."

दर खेपेला मी ठरवून जात असे, की आज सांगायचं. एस.टी.त वाक्यं जुळवायचो. चहा यायचा, प्यायचो, आणि पोचपावतीवर सही घेऊन परत यायचो. सही म्हणजे अंगठाच.

वर्षभराने ते नोकरी सोडून गेले. राजीनामा वगैरे काही नाही. बिल्ला टेबलावर ठेवला, किल्ली शेजारच्या गोदामवाल्याकडे दिली, आणि शिंदखेड्याच्या पलीकडे त्यांचं गाव होतं तिकडे निघून गेले. शेठनी दोनदा माणूस पाठवला. आबांनी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. शेठना तरी सांगावं, असं पुष्कळदा मनात आलं. पण एका थंडीत छातीत कळ येऊन शेठच गेले. काचेआड बसून माणसं विसरल्याचा तो ठपका मनात घेऊनच गेले असतील, किंवा खरोखर विसरूनही गेले असतील. मला माहीत नाही.

आणखी तीन-चार वर्षांनी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, तुरीच्या खरेदीसाठी मी शिंदखेड्याला गेलो होतो. काम लवकर आटोपलं. मी बसमध्ये बसलो आणि आबांच्या गावाला उतरलो.

ते ओट्यावर बसले होते. थकले होते, पण मला लांबूनच ओळखलं. "कसा शेस भाऊ? पोरे किती शेतस?" दोन, म्हटलं. त्यांच्या सुनेने पाणी आणलं, मग चहा. मी खळ्याचं बोललो, बायांचं बोललो. कंपनीचा बोर्ड पुन्हा बदलला तेही सांगितलं. आता सांगायचं, आता सांगायचं, असं करत बशी खाली ठेवली, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, "आबा, काही लिहायचं असलं तर सांगा. पेन आहे."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग आतून एक कार्ड मागवलं. मुलगी सुरतेकडे दिली होती, दोन वर्षं माहेरी आली नव्हती. व्याह्यांना लिहायचं होतं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहीत गेलो. आखाजीला पोरीला पाठवा. झोका बांधला आहे. तिची आई आजारी नाही, उगीच काळजी करू नये, पण वाट पाहते. मी एकही शब्द माझा घातला नाही. 'उगीच' हा शब्दसुद्धा त्यांचाच होता.

लिहून झालं. मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं.

आबा म्हणाले, "आते वाची दखाड."

मी वाचलं. ते म्हणाले, "बोट ठेईसन वाच." मी एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण नजर माझ्या बोटाबरोबर सरकत होती, ओळ संपली की खाली उतरत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. 'वाट पाहते' पाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग त्या दोन शब्दांवर स्वतःचं बोट ठेवून विचारलं, हेच ना ते? हेच, म्हटलं.

मी म्हणालो, द्या, शिंदखेड्याला पेटीत टाकतो, लवकर पोचेल.

"राहू दे," ते म्हणाले. "पोस्टमन येस परवा."

कार्ड त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. मला सोडायला फाट्यापर्यंत आले, नको म्हणत असतानाही. वाटेत नातवाच्या शाळेबद्दल बोलले, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलले. बस आली. मी खिडकीशी बसून वळून पाहिलं. आबा रस्त्याच्या कडेला उभे होते. एक हात माझ्यासाठी वर केलेला, आणि दुसरा बंडीवर, कार्ड होतं त्या जागी, दाबून धरलेला.